जुनी जीप आणि बंगळूरचे कारागीर

जुनी जीप सकाळी सुरू होत नाही, तेव्हा बंगळूरचा जाणता मिस्त्री हत्यारांच्या पेटीला लगेच हात घालीत नाही. तो आधी तीन गोष्टींची विचारपूस करतो. ठिणगी पडते काय, पेट्रोल येते काय, आणि हवा मिळते काय? प्लगवरची तार काढून तिचे टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून दोन सूत अंतरावर धरावयाचे आणि जोडीदाराला स्टार्टर मारावयास सांगावयाचे. निळसर, कडाडणारी ठिणगी उडाली की विजेची बाजू निर्दोष ठरते. ठिणगी पिवळट आणि मलूल असली, तर डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडून पॉइंट पाहावयाचे. त्यांची तोंडे जळून काळी पडली असतील, तर कंडेन्सरवर संशय घ्यावयाचा. वीज ठीक असेल, तर कारबुरेटरला मिळणारी नळी सोडून पंपातून धार येते की नाही ते पाहावयाचे. धारही येत असेल, तर मग हवेच्या गाळणीकडे आणि त्यानंतर सिलिंडरांतील दाबाकडे वळावयाचे. इंजिन उघडण्याची वेळ अगदी शेवटी यावी, आणि शहाण्या मिस्त्रीच्या हातून ती क्वचितच येते.

या क्रमात एक विवेक आहे. स्वस्त तपासणी आधी, महाग तपासणी नंतर. बाहेरचे आधी, आतले नंतर. नाडी पाहिल्यावाचून वैद्य मात्रा उगाळीत नाही, त्यातलाच हा प्रकार होय. शिकाऊ पोराला हा क्रम कोणी पुस्तकातून शिकवीत नाही. हातात पाना देता देता तो उस्तादाच्या हालचालींवरून उचलतो. तथापि हा क्रम मूळचा बाजारातला नव्हे. एका महायुद्धाच्या पावलांनी तो या शहरात आला, युद्ध संपले तरी येथेच राहिला, आणि त्याच्या आधारे एका यंत्राच्या तीन पिढ्या जगल्या. मोठ्या कारखान्यांना चरित्रकार मिळतात. दुरुस्तीच्या दुकानांना ते मिळत नाहीत. म्हणून बंगळूरच्या उद्योगाच्या इतिहासातील हे पान बहुधा न वाचताच उलटले जाते.

बंगळूरने स्वप्न पाहिले होते ते मोटार दुरुस्त करण्याचे नव्हे, मोटार बांधण्याचे. पुण्याजवळच्या खडकवासला धरणावरील स्वयंचलित दरवाजांमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ साली युरोप-अमेरिकेचा दौरा करून तेथील मोटार-कारखाने पाहिले, आणि हिंदी बनावटीच्या मोटारीची योजना तयार केली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. म्हैसूर संस्थानाचे साह्य घेऊन कारखाना बंगळुरात उभारावा, इथवर विचार येऊन ठेपला. परंतु हिंदुस्थान सरकारने संमती दिली नाही. मोटारीचा कारखाना आला नाही, आणि त्याच वालचंदांच्या पुढाकाराने २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमान-कारखान्याची मात्र बंगळुरात नोंदणी झाली. तोही फार काळ बांधणीचा कारखाना राहिला नाही. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला, पुढील वर्षी कारखाना अमेरिकन वायुसेनेकडे गेला, आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून थकून आलेल्या विमानांची शुश्रूषा हेच त्याचे मुख्य काम झाले. बेळ्ळंदूरच्या तळ्यावर उतरणारी कॅटलिना जातीची जलविमानेही तेथे दुरुस्त होत. हजारो स्थानिक कामगारांनी इंजिन उघडणे, झिजलेला भाग मापणे, तो बदलणे आणि पुन्हा जुळविणे, हे काम कडक शिस्तीत केले. बांधण्यापूर्वी दुरुस्त करण्यास शिकलेले शहर, असे बंगळूरचे वर्णन करावयास हरकत नाही.

या विमानांच्या मागोमाग, आणि त्यांच्याहून कितीतरी अधिक संख्येने, दक्षिणेत जी वस्तू आली ती म्हणजे जीप. तिची जन्मकथा प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या लष्कराला १९४० साली चहूचाकी ओढीची एक हलकी गाडी तातडीने हवी होती. पेन्सिल्व्हेनियातील बँटम या लहानशा कंपनीने ४९ दिवसांच्या मुदतीत नमुना तयार करून २३ सप्टेंबर १९४० रोजी तो लष्कराच्या स्वाधीन केला. परंतु मोठी मागणी गेली ती विलीस आणि फोर्ड या कंपन्यांकडे. १९४१ ते १९४५ या काळात दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. त्या गाडीचे २.२ लिटरचे, चार सिलिंडरांचे, साठ अश्वशक्तीचे इंजिन काही अद्भुत नव्हते. त्याचे व्हॉल्व्ह सिलिंडरांच्या बाजूला होते, म्हणून वरचे हेड ही केवळ एक जाड पाटी होती. गॅस्केट बदलावयाचे झाल्यास नट सोडून ती उचलावी, इतकेच. हवेच्या गाळणीत तेल भरलेले असे. धूळ त्यात बसे, ते तेल ओतून टाकून नवे भरले की गाळणी पुन्हा कामाला लागे. दख्खनच्या लाल धुळीसाठीच जणू ती योजिली असावी.

पण जीपच्या दीर्घायुष्याचे खरे कारण लष्कराच्या एका अटीत आहे. विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांच्या गाड्यांचे भाग एकमेकींना बसलेच पाहिजेत, अशी ती अट होती. फोर्डने आपल्या अभिमानापोटी बोल्टांच्या डोक्यांवरही आपले आद्याक्षर ठोकले, मात्र तो बोल्ट विलीसच्या गाडीला निमूटपणे बसे. दोन मोडक्या जीपांतून एक चालती जीप निघू लागली ती या अटीमुळे. दुरुस्तीची विद्या सामान्य माणसाच्या आटोक्यात राहावयाची, तर यंत्राने आधी तिला दार उघडे ठेवावे लागते, आणि जीपने ते सताड उघडे ठेवले होते.

लष्कराने या यंत्राबरोबर देखभालीची एक उतरंडही आखली होती. पहिली पायरी खुद्द चालकाची: तेल, पाणी, टायर, ब्रेक, गळती यांची रोजची पाहणी. दुसरी तुकडीतील कारागिरांची, तिसरी व चौथी अधिक सुसज्ज कार्यशाळांची, आणि पाचवी थेट तळावरील मोठ्या कारखान्याची. खालच्या पायरीवर होण्याजोगे काम वरच्या पायरीवर जाऊ नये, हा नियम. सैनिकाला वंगणाचे महत्त्व व्याख्यानाने पटत नाही हे ओळखून अमेरिकन लष्कराने विल आयस्नर या चित्रकाराकडून हास्यचित्रेही काढवून घेतली. त्यांतला जो डोप नावाचा गबाळा शिपाई आपल्या निष्काळजीपणाने गाडीची दुर्दशा करून घेई. हिंदुस्थानी सैन्यातही १९४३ साली विद्युत व यांत्रिक अभियंत्यांचे स्वतंत्र दल उभे राहिले आणि खेड्यांतून भरती झालेल्या असंख्य तरुणांच्या हाती प्रथमच स्पॅनर आला. नांगराचा फाळ शेवटण्यापलीकडे लोखंडाशी ज्यांचा संबंध नव्हता, ते व्हॉल्व्हची फट हजारांश इंचात मोजू लागले.

युद्ध संपले. लष्कराने मोडीत काढलेला माल लिलावात निघाला, आणि जीप मुलकी जीवनात आली. अशा जुन्या गाड्यांच्या व्यवहारात किती धोका असतो, याचा धडा नव्या राष्ट्राला लगेच मिळाला. १९४८ साली सैन्यासाठी इंग्लंडमधून दोन हजार पुनर्दुरुस्त जीपा घेण्याचा करार झाला. १९४९ मध्ये त्यांपैकी १५५ मद्रास बंदरात उतरल्या आणि सैन्याने त्या निरुपयोगी ठरविल्या. संसदेत या प्रकरणाने बराच काळ वादळ उठविले. त्यातील राजकारण हा येथे विषय नव्हे. परंतु ‘दुरुस्त केलेली गाडी’ या शब्दांना करारावर नव्हे, तर दुरुस्त करणाऱ्याच्या हातावर मोल येते, ही गोष्ट बंगळूरच्या बाजाराला मद्रासच्या धक्क्यावरून काही कोणी कळविण्याची आवश्यकता नव्हती.

हा बाजार लष्करी छावणीच्या कुशीत वाढला. १९४९ पर्यंत बंगळूरची छावणी आणि जुने शहर यांच्या नगरपालिका वेगळ्या होत्या. छावणीच्या बाजूस आज जो भाग शिवाजीनगर म्हणून ओळखला जातो, तेथे जुन्या सुट्या भागांची पेठ बसली. तिला लोक गुजरी म्हणतात. कोल्हापूरकर श्रोत्याला गुजरी म्हटले की सराफांची दुकाने आठवतील. बंगळूरच्या गुजरीत सोन्याच्या जागी झिजलेले गिअर, उघडलेले डायनॅमो आणि तेलाने माखलेले ॲक्सल मांडलेले असतात, आणि पारख मात्र सोनाराइतकीच बारीक लागते. नव्या भागांचा व्यापार जयचामराजेंद्र रस्त्यावर स्थिरावला, ज्याला सारे शहर जे. सी. रोड म्हणते, आणि बस-लॉऱ्यांचे बांधकाम, पाट्यांची भट्टी, रेडिएटरचे डाग देणे हे व्यवसाय जवळच्या कलासिपाळ्याच्या आसपास दाटले. ज्या महाराजांचे नाव त्या रस्त्याला आहे, त्यांच्याच नावाने विश्वेश्वरय्यांच्या प्रेरणेने एक धंदेशिक्षण संस्थाही शहरात उभी राहिली होती. कारखान्याला परवानगी नाकारता येते. कारागीर घडविण्याला नाकारता येत नाही, हे त्या वृद्ध अभियंत्याने ओळखले असावे.

जीपचे इंजिन झिजले म्हणजे सिलिंडर पुन्हा कातून त्यांत मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागतात. त्यासाठी बोअर करण्याचे यंत्र आणि लेथ हवा. येथे मराठी माणसाच्या ओळखीचे एक नाव भेटते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बंधूंसह १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, आणि विक्रीबरोबर दुरुस्तीही केली. पुढचा नांगर, पुढची किर्लोस्करवाडी ही त्या दुकानाची अपत्ये होत. त्याच घराण्याने १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे लेथ बांधण्याचा कारखाना काढला. तो कारखाना आता राहिला नाही. पण त्याच्या लेथांनी दक्षिणेतल्या दुरुस्तीच्या कार्यशाळांत किती शाफ्ट आणि किती बुश कातले असतील, याची गणती कोण करणार?

इकडे मुंबईत माझगाव येथे महिंद्र बंधूंच्या कंपनीने १९४७ पासून विलीसच्या जीपा जुळविण्यास प्रारंभ केला होता. पुढे भाग येथेच बनू लागले आणि उंच बॉनेटची, विलीसने १९५३ मध्ये काढलेल्या नमुन्याची जीप भारताची जीप ठरली. बॉनेट उंच झाले त्याचे कारण सौंदर्य नव्हते. नव्या इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारे व्हॉल्व्ह सिलिंडरांच्या वर आले, इंजिनाची उंची वाढली, आणि झाकणाला वर सरकणे भाग पडले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि विकासगटाची जीप खेडोपाडी पोहोचली. सरकार गावात आले की नाही, हे त्या काळी जीपच्या धुरळ्यावरून कळे. आणि ती बंद पडून बैलजोडीने ओढत नेली जाई, तेव्हा सरकारची खरी प्रकृतीही कळे.

१९७३ नंतर पेट्रोल भडकले आणि जीपला डिझेलचे इंजिन बसविण्याची निकड निर्माण झाली. महिंद्र उद्योगाच्या घरातच इंटरनॅशनल जातीच्या ट्रॅक्टरचे इंजिन होते. तेच जीपमध्ये आले. ट्रॅक्टरचे हृदय घेऊन धावणारी ही गाडी हादरे देई, आवाज करी. परंतु भागत असे अल्प खर्चात. ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या पेजो कंपनीच्या नमुन्याचे डिझेल इंजिन आले, ते नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीला बनू लागले, आणि १९८५ ची एमएम ५४० ही जीप त्याच इंजिनावर चालली. बंगळूरच्या रस्त्यांवर आज जी जुनी जीप म्हणून दृष्टीस पडते, ती बहुधा या पिढीतील असते.

डिझेलने दोषनिदानाची भाषा पालटली. ठिणगीचा प्रश्न संपला, आणि धुराचे वाचन सुरू झाले. काळा धूर म्हणजे इंधन अधिक किंवा हवा अपुरी: आधी गाळणी काढून पाहावी, मग नॉझल. निळा धूर म्हणजे वंगणाचे तेल जळते आहे: चढावर निघाला तर रिंगांचा संशय, आणि उतारावर पाय काढून पुन्हा दाबताच भपकारा आला तर व्हॉल्व्हच्या गाइडचा. पांढरा धूर थंड इंजिनात न जळलेल्या डिझेलचा असतो. डिसेंबरच्या सकाळी, पारा पंधरा-सोळा अंशांवर असताना, चारांपैकी एक हीटर प्लग मेला असला तरी तो अशा धुराने आपले मरण जाहीर करतो. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबेना आणि रेडिएटरचे पाणी घटू लागले, तर हेड गॅस्केट फुटले असे समजावे. टाकी कोरडी पडू दिल्यास नळ्यांत हवा शिरते. मग पंपावरचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहू द्यावे लागते. ‘हवा काढणे’ या नावाचे हे कर्म ज्याला येत नाही, त्याने डिझेल जीप घेऊन आडरानात जाऊ नये.

या विद्येला बंगळूरइतके अनुकूल शहर दुसरे नव्हते, कारण डिझेलचे पंप आणि नॉझल बनविणारा मायको हा कारखाना येथेच, अडुगोडीला होता. १९५१ साली स्थापन झालेल्या या कंपनीने आधी स्पार्क प्लग व मग डिझेल-पंप देशभर पोहोचविले. तिच्या शिस्तीत तयार झालेले, वा ती शिस्त उसनी घेतलेले, पंपाचे कारागीर शहरभर पसरले. पंप टेबलावर चढवावयाचा, प्रत्येक नळीतून काचेच्या नळकांड्यात पडणारे डिझेल मोजावयाचे, चारही माप समान येईपर्यंत जुळवणी करावयाची. हे काम पाहिले की जुन्या अत्तरियाची आठवण व्हावी.

बंगळूरच्या भूगोलानेही मिस्त्रीला काही धडे दिले. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तेथे हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे नऊ टक्के विरळ, म्हणून मुंबईत जुळविलेला कारबुरेटर येथे पेट्रोल अधिक पाजतो. प्लग काजळतात, गाडी जड चालते, आणि मालक विनाकारण इंजिनाला दोष देतो. पाणीही येथे शंभर अंशांवर नव्हे, सत्त्याण्णवच्या आसपास उकळते. रेडिएटरचे झाकण आत दाब राखते, तेवढ्यावर ही उणीव भरून निघते; झाकणाचे रबर फाटले की गाडी चढावर उकळते. दोन-तीनशे रुपयांच्या झाकणापायी हजारोंची इंजिने उघडली गेल्याची उदाहरणे कोणत्याही कार्यशाळेत ऐकावयास मिळतील. त्यात भर पडते ती बोअरवेलच्या जड पाण्याची. स्वयंपाकघरातील भांड्यांवर जसा पांढरा थर धरतो, तसाच तो इंजिनातील पाण्याच्या वाटांवर धरतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. गाडी रहदारीत उभी असताना तापते, तर पंखा आणि पट्टा पाहावा. नंदी डोंगराच्या चढावरच तापते, तर रेडिएटर चोंदला आहे. आणि गार इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले, तर दोष आतला आहे. शुद्ध पाणी आणि शीतक द्रव्य वापरले असते तर हे तिन्ही प्रसंग टळते, असे मिस्त्री सांगतो. पण सांगतो तो बिल हाती दिल्यानंतर.

जीपचा एक विकार फार भयंकर दिसतो. विशिष्ट वेगाला एखादा खड्डा लागला की पुढची चाके थयथयाट करू लागतात आणि स्टिअरिंग हातात ठरत नाही. नवखा कारागीर चाकांचे संतुलन करून पैसे घेतो, आणि चार दिवसांत विकार परततो. जाणता मनुष्य पुढचा ॲक्सल उचलून किंगपिनचे बेअरिंग तपासतो, ताणकाट्याने ओढून ते किती घट्ट आहे हे मोजतो, पातळ पत्र्यांची संख्या कमी-अधिक करतो, टायरॉडची टोके हलवून पाहतो. दोष एकाच जागी क्वचित सापडतो. चार ठिकाणची थोडी थोडी झीज एकत्र येऊन हा उत्पात घडविते.

नव्वदच्या दशकात जीपच्या जागी घराला शोभतील अशा मोठ्या गाड्या आल्या. १९९४ मध्ये टाटांनी सुमो काढली. सुमंत मुळगावकर या थोर उद्योगकर्त्याच्या नावातील दोन आद्याक्षरे तिला मिळाली, ही गोष्ट ती गाडी पुसून धुणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १९९७ साली बंगळूरजवळ बिडदी येथे टोयोटा-किर्लोस्कर कंपनी स्थापन झाली आणि जानेवारी २००० मध्ये तिची पहिली गाडी, क्वालिस, बाहेर पडली. सायकल दुरुस्त करणाऱ्या लक्ष्मणरावांच्या पणतूने, विक्रम किर्लोस्कर यांनी, विश्वेश्वरय्यांच्या स्वप्नातील मोटार-कारखाना अखेर बंगळूरच्या दाराशी आणला, असे म्हणता येईल. मात्र साठ वर्षांनी, आणि जपानच्या साह्याने. क्वालिसचे २.४ लिटरचे डिझेल इंजिन साधे, तिचा सांगाडा शिडीसारखा, मागे पाटे. रात्रपाळीच्या दूरध्वनी-केंद्रांवरील तरुणांची ने-आण करीत तिने शहराचे रस्ते घासले. २००५ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आज तिचे जे नमुने चालतात, त्यांची देखभाल जीपच्याच परंपरेतील कारागीर करतात: तेल वेळेवर, टायमिंग पट्टा ठरल्या अंतरावर, आणि नॉझल धुराच्या सल्ल्याने.

त्यापुढे मात्र वाट वळते. २०१० च्या एप्रिलपासून देशातल्या तेरा शहरांत प्रदूषणाचे चौथे मानक लागू झाले. त्यांत बंगळूर होते, तसेच वालचंदांचे सोलापूरही होते. २०२० मध्ये सहावे मानक सर्वत्र आले. दीडशे बारच्या आसपास उघडणाऱ्या नॉझलांच्या जागी दीड हजार बार आणि त्याहूनही अधिक दाबाचे इंजेक्टर आले. इंधन केव्हा, किती सोडावे हे आता गणकयंत्र ठरविते. धूर जवळजवळ दिसेनासा झाला, हा श्वास घेणाऱ्या प्रत्येकाचा लाभ आहे, आणि त्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. पण धुराबरोबर धुराचे वाचनही गेले. दोष आता गाडी स्वतः अंकांत सांगते, आणि ते अंक वाचणारे यंत्र कोणाजवळ असावे, त्यातील किती माहिती बाहेरच्या कारागिराला मिळावी, हा खरा वाद आहे. विलीस-फोर्डच्या काळी लष्कराने अट घालून जे दार उघडे ठेवविले, ते येथे बंद होऊ शकते. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये त्यासाठी माहितीचे दालन सुरू केले. मोटारींचाही त्यात समावेश आहे. तथापि दालन उघडणे आणि दार उघडणे यांत अंतर असते.

अडुगोडीच्या कारखान्याचे रूपही पालटले. पंपांची निर्मिती तेथून हलली, आणि २०२२ च्या जूनमध्ये त्या भूमीवर बॉश कंपनीच्या संशोधन-संकुलाचे उद्घाटन झाले. जेथे डिझेल काचेच्या नळकांड्यांत मोजले जात होते, तेथे आता आज्ञावल्या लिहिल्या जातात.

यंत्राचे वय कसे मोजावे, हाही प्रश्न याच काळात उभा राहिला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे गाडी तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढविता येते. २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीच्या अशा नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी दहा हजार. सरकारी वाहनांना तर तपासणीचीही संधी राहिली नाही: १ एप्रिल २०२३ पासून, संरक्षण व कायदा-सुव्यवस्थेची विशेष वाहने वगळता, पंधरा वर्षे पुरी झालेल्या सरकारी गाडीची नोंदणी रद्द समजली जाते. त्यामुळे एकाच महिन्यात बनलेल्या दोन जीपांपैकी कचेरीची जीप भंगारात जाते आणि बागायतदाराची जीप तपासणीला उभी राहते, मग पहिलीचे इंजिन दुसरीहून निकोप का असेना. जुने डिझेल हवा बिघडविते, हे खरे. आणि निष्काळजीपणे ठेवलेले नवे डिझेलही बिघडविते, हेही खरे. धूर मोजणारे यंत्र उपलब्ध असताना दिनदर्शिकेने निवाडा करावा, यात प्रशासनाची सोय अधिक आणि न्याय थोडा आहे.

पेट्रोलच्या जुन्या जीपांपुढे आणखी एक अडचण आली आहे. २०२५ पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील पाणी शोषते, टाकीतला जुना गंज सोडविते, आणि पूर्वीच्या रबराच्या नळ्या व पंपाचे पडदे त्याला फार काळ टिकत नाहीत. कारबुरेटरही आता उलट्या तक्रारीचा झाला: उंचीमुळे मिश्रण दाट होते, तर इथेनॉलमुळे पातळ. जे. सी. रोडवर इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या मागणाऱ्यांत चाळीस-पन्नास वर्षांच्या जीपांचे मालक असतात, आणि त्यांना काउंटरवर नळीबरोबर जेटचा आकडाही विचारला जातो.

नोंदणीच्या नूतनीकरणासाठी जुनी जीप प्रादेशिक परिवहन कार्यालयात न्यावयाची असते, त्याच्या आदल्या दिवशी कार्यशाळेत एक नाजूक काम चालते. सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाचा कागदावर पेन्सिलीने घासून ठसा घ्यावयाचा असतो, आणि वर्षानुवर्षांच्या चिखलाखाली व गंजाखाली तो क्रमांक बुजलेला असतो. मिस्त्री तेथे रॉकेलचा बोळा तासभर दाबून ठेवतो. मग अगदी बारीक पॉलिश-पेपर बोटाच्या टोकावर घेऊन हलके हलके फिरवितो. फार घासले तर गंजाबरोबर अंकही जाईल, आणि अंक गेला तर गाडी कागदोपत्री उरणार नाही. पोराच्या हाती हे काम तो देत नाही. पोर बॅटरी धरून शेजारी उकिडवा बसतो आणि उस्तादाचे बोट कोठे थांबते ते पाहत राहतो.